मांजराच्या कोपराचे घराणे

मंडळी, आज ज्या घराण्याची हकीकत सांगणार आहे त्याचे नाव ऐकून तुम्हाला आधी हसू येईल. जर्मन भाषेत ‘काट्से’ म्हणजे मांजर आणि ‘एलेनबोगेन’ म्हणजे हाताचे कोपर. हे दोन शब्द जोडून एका गावाचे नाव झाले काट्सेनएल्नबोगेन, आणि गावावरून तिथल्या सरदारांचे. हे नाव कसे पडले यावर पंडितांचा वाद आहे, तो त्यांच्याकडेच राहू द्या. शिक्षकमंडळींनी मात्र हे नाव वर्गातल्या मुलांकडून एका दमात म्हणवून पाहावे. भूगोलाचा तास मजेत जाईल.

अकराव्या शतकाच्या अखेरीस ह्या लोकांनी त्या गावच्या टेकडीवर गढी बांधली. ११३८ सालापासून ते स्वतःला ‘काउंट’ म्हणवू लागले. काउंट म्हणजे आपल्या भाषेत मोठा सरदार. पण टेकडीवरच्या गढीने कोणी श्रीमंत होत नाही. ह्यांना श्रीमंत केले ते ऱ्हाईन नदीने.

ऱ्हाईन म्हणजे त्या काळचा राजमार्ग. रस्ते चिखलाचे आणि चोरांचे, म्हणून दारू, मीठ, लाकूड, धान्य सारे नावेतून जायचे. नदी डोंगरांच्या खिंडीत शिरते तिथे काठावर नाका बसवला की नावाड्याला पळायला वाट नाही. सांक्ट गोआर ह्या गावी १२४५ साली काउंट डीटर पाचवा याने ऱ्हाईनफेल्स नावाचा किल्ला बांधला आणि जाणाऱ्या-येणाऱ्या मालावर जबर जकात लावली. व्यापारी शहरे चिडली. सगळ्यांनी मिळून संघ केला आणि १२५५ साली किल्ल्याला वेढा घातला. एक वर्ष आणि चौदा आठवडे वेढा पडून होता म्हणतात. किल्ला काही पडला नाही. शहरांचे सैन्य परतले आणि जकात चालू राहिली! ही जकात कायद्याची की दरोड्याची, हे तुम्ही नावेत बसला होता की किल्ल्यात, यावर अवलंबून होते.

त्याच सुमारास भाऊबंदकीने घराण्याच्या दोन शाखा झाल्या. दोन्हींनी आपापले किल्ले, आपापली गावे वाढवली. आज मोठे शहर असलेले डार्मस्टाट ह्यांच्याच मुलखातले. १३३० साली त्याला शहराचे हक्क मिळाले ते ह्यांच्यामुळेच. पुढे एका शाखेतल्या योहानने दुसऱ्या शाखेतल्या ॲनाशी लग्न केले आणि १४०२ साली तिच्या शाखेतला पुरुष उरला नाही, तेव्हा दोन्ही दौलती एक झाल्या. म्हणजे पाहा, पुरुष संपला की दौलत लेकीच्या मार्गाने जाते, हे ह्या घराण्याला चांगले ठाऊक होते. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

हे लोक हिशेबाला फार चोख. किल्ल्यातला कारभारी पैसा न् पैसा लिहून ठेवी. त्यांच्या कागदपत्रांचे सार एका जर्मन संशोधकाने १९५३ पासून पुढे चार जाड खंडांत छापले. ह्या दप्तरातली एक नोंद जगप्रसिद्ध झाली आहे. १३ मार्च १४३५ रोजी रुसल्सहाइमच्या कारभाऱ्याने काउंट योहान चौथा याच्या मळ्यासाठी रीसलिंग जातीच्या द्राक्षवेलींची रोपे घेतली आणि खर्च लिहिला, २२ शिलिंग. रीसलिंग ही आज जर्मनीची नावाजलेली द्राक्षे. त्यांचा सर्वांत जुना लेखी उल्लेख तो हाच. वेढे आणि लढाया कोणाच्या लक्षात नाहीत. कारभाऱ्याने टिपलेली रोपांची खरेदी मात्र दारूच्या धंद्यातले लोक आजही सांगतात. आपल्या नाशिक-सांगलीकडच्या बागाईतदारांनी ह्यावरून खर्चाची वही जपून ठेवायला हरकत नाही.

आता मुख्य कथा. योहानचा मुलगा फिलिप. दोन्ही शाखांचे रक्त त्याच्यात एकत्र आलेले, आणि जन्मही नेमका १४०२ सालचा. तिशीत तो यात्रेला निघाला आणि ईजिप्त, सिनाईचा डोंगर, जेरुसलेम असे करून १४३४ मध्ये परतला. घरी बेसुमार पैसा. वरचा परगणा डार्मस्टाटकडे, खालचा ऱ्हाईनकाठी. मुलगा मोठा झाला, त्याचे लग्न झाले, १४५१ साली नात झाली, तिचे नाव ओटिली. आणि १४५३ साली तो मुलगाच वारला. नात दोन वर्षांची.

दत्तक घेऊन गादी चालवण्याची चाल तिकडच्या सरदारांत नव्हती. फिलिपपुढे दोन स्त्रिया राहिल्या. एक वारलेल्या मुलाची लेक ओटिली, दुसरी त्याची स्वतःची लेक ॲना. ॲना हेसे नावाच्या शेजारच्या बलाढ्य राज्यात दिलेली. तिचा नवरा हाइनरिश याचा डोळा ऱ्हाईनच्या नाक्यांवर. ओटिलीला मोठा हुंडा देऊन बाडेनच्या राजघराण्यात दिले आणि मुलखावरचा तिचा हक्क सोडवून घेतला. म्हाताऱ्याने अखेरचा प्रयत्न म्हणून १४७४ साली, सत्तरी उलटल्यावर, नासाऊ घराण्यातल्या एका विधवेशी लग्न केले. मूल झाले नाही. २८ जुलै १४७९ रोजी फिलिप वारला आणि काट्सेनएल्नबोगेनचे काउंट संपले. एबरबाखच्या मठात पूर्वजांशेजारी त्याला पुरले. मुलूख गेला हेसेकडे, बायकोच्या हक्काने.

आणि आता गंमत पाहा. हेसेच्या ह्या ॲनाला एक मुलगा आणि दोन मुली. मुलगा विल्हेल्म १५०० साली शिकारीत घोड्यावरून पडून निपुत्रिक मेला. तेव्हा बहिणी म्हणाल्या, आमच्या आईचे माहेर आता आमचे. थोरली एलिझाबेथ नासाऊच्या योहानची बायको. पण हेसेचा दुसरा विल्हेल्म, मेलेल्याचा चुलतभाऊ, म्हणाला, लेकींना मुलूख मिळत नाही! अहो, एकवीस वर्षांपूर्वी हा मुलूख ह्यांच्या घरात आला तो कोणामुळे? लेकीमुळेच ना! घेताना लेक चालली, देताना लेक चालेना. माझ्या मते ह्या सबंध प्रकरणात हेसेची बाजू एवढ्यावरच लंगडी पडते, मग वकिलांनी कितीही पोथ्या लिहोत.

वकिलांनी त्या लिहिल्याच. खटला सत्तावन्न वर्षे चालला. विल्हेल्म मेला, गादीवर त्याचा लहान मुलगा आला. ह्याचेही नाव फिलिपच. एलिझाबेथ १५२३ साली वारली, तिच्या मुलांनी दावा पुढे चालवला. त्यातला एक बादशहा पाचव्या चार्ल्सच्या अगदी जवळचा. इकडे हेसेचा फिलिप बादशहाविरुद्ध लढला, हरला आणि १५४७ साली कैदेत पडला. तो कैदेत असतानाच १५४८ साली निकाल नासाऊच्या बाजूने लागला. ह्यात न्याय किती आणि बादशहाची मर्जी किती, तुम्हीच ठरवा. १५५२ साली फिलिप सुटला, तेव्हा निकाल नुसता कागदावर उरला. शेवटी जून १५५७ मध्ये फ्रांकफुर्टला तडजोड झाली. बहुतेक मुलूख हेसेने ठेवला. त्याबदली नासाऊला सहा लक्ष गुल्डेन द्यायचे ठरले, काही रोख, काही गावांच्या रूपाने. ज्या बाईच्या हक्कासाठी हे सारे सुरू झाले तिला जाऊन चौतीस वर्षे झाली होती.

ऱ्हाईनफेल्स फ्रेंच सैन्याने १७९६-९७ साली सुरुंग लावून उडवला. त्याचे भग्नावशेष सांक्ट गोआरला उभे आहेत. समोरच्या काठावर त्याच सरदारांचा ‘काट्स’ म्हणजे मांजर नावाचा किल्ला आहे, आणि थोड्या अंतरावर दुसऱ्या कोणाचा ‘माउस’, म्हणजे उंदीर! गावाचे नाव गावाकडे राहिलेच. एका विद्वान ज्यू घराण्यानेही ह्याच गावावरून आपले आडनाव घेतले. आणि नासाऊच्या वंशजांना पुढे नेदरलँड्सचे राज्य मिळाले. त्या राजाच्या लांबलचक पदव्यांत ‘काट्सेनएल्नबोगेनचा काउंट’ ही पदवी आजही आहे. मुलूख हेसेने ठेवला होता, पदवी मात्र दोघांनीही सोडली नाही.