पथ्याचा अंमल

मुंबईच्या उच्च न्यायालयात २२ जुलै १९०८ च्या रात्री न्यायमूर्ती दावर यांनी लोकमान्य टिळकांना सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा फर्मावली, तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यात उभे असलेले ते गृहस्थ बावन्न वर्षे पुरी करण्यास एक दिवस उरलेले आणि मधुमेहाने ग्रासलेले होते, ही गोष्ट आपल्या इतिहासग्रंथांत बहुधा ओझरतीच येते. पुढे ती शिक्षा साध्या कैदेत बदलून त्यांची रवानगी मंडालेस झाली. तेथे गीतारहस्य लिहिणाऱ्या या कैद्याने नेहमीचे अन्न वर्ज्य करून जवाच्या पिठावर निर्वाह केला. जव हा या व्याधीवरचा आपल्याकडील जुनाच उतारा. चरकाने प्रमेहाच्या, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या विकाराच्या, रोग्यास यवप्रधान आहार सांगितला आहे. सुश्रुत तर निर्धन रोग्यास भिक्षा मागत, अनवाणी, शंभर योजने चालण्यास किंवा विहीर खणण्यास फर्मावतो. ही आज्ञा वाचून हसू येते खरे, परंतु देहास श्रम हवेत हे मर्म तीत शाबूत आहे.

१ ऑगस्ट १९२० रोजी सरदारगृहात टिळकांचे देहावसान झाले व गिरगावच्या चौपाटीवर त्यांना अग्नी देण्यात आला. पुढल्याच वर्षी टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी इन्शुलिन हाती आणले आणि जानेवारी १९२२ मध्ये ते लिओनार्ड थॉम्पसन नामक मुलास प्रथम टोचले गेले. लहान मुलांना या शोधाने प्राणदान दिले. प्रौढ वयात ज्यास मधुमेहाचे निदान होई, त्याच्यावरचा पथ्याचा अंमल मात्र इन्शुलिनने उठला नाही, आणि ते पथ्य कोणाच्या चुलीवर शिजावयाचे हा प्रश्न मुंबईत वस्तीगणिक निराळा होता.

गिरगावातल्या चाळीत घरची चूल होती. तिच्याजवळच स्टोव्हवर किंवा स्पिरिटच्या दिव्यावर लघवीतील साखर तपासण्याची परीक्षानळी तापू लागली. बेनेडिक्टचे निळे द्रावण ५ मिलिलिटर, त्यात लघवीचे ८ थेंब, मग उकळी. निळे राहिले तर साखर नाही, हिरवे झाले तर थोडी, पुढे पिवळे, नारिंगी आणि अखेरीस विटकरी. चांगल्या शिकल्यासवरल्या माणसाने पहाटे उठून आपल्याच लघवीचा रंग न्याहाळावा आणि वहीत टिपावा, हे प्रथम सर्वांनाच ओशाळवाणे वाटत असणार; परंतु ज्याचा रोग त्यानेच त्याचे दप्तर सांभाळावे, हा पायंडा या नळीने पाडला. तिचा पुरावा तसा अपुराच: रक्तातील साखर १०० मिलिलिटरमागे सुमारे १८० मिलिग्रॅमपलीकडे गेल्याखेरीज ती बहुधा लघवीत उतरत नाही, म्हणून निळा रंग म्हणजे निर्दोषत्वाचा दाखला नव्हे.

लालबाग-परळच्या गिरणगावात हा बंदोबस्त कोठून व्हावा? तेथे १९२६ साली के. ई. एम. रुग्णालय व गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. अध्यापक भारतीयच असावेत अशी महाविद्यालयास मिळालेल्या देणगीच्या विश्वस्तांची अट होती, आणि ती अट मला त्या देणगीच्या रकमेपेक्षाही मोठी वाटते. तेथील डॉक्टर भात कमी करा म्हणून सांगणार. पण कोकणातून एकटा आलेला, पाळी संपवून खानावळीच्या पंगतीत बसणारा कामगार जेवणार ते सर्वांच्याच ताटात पडलेले. खानावळ चालविणारी बाई गावची असली तर त्याला भाताऐवजी भाकरी वाढीलही. परंतु ती तिची मर्जी, रोग्याचा हक्क नव्हे.

१९५५ साली मुंबईत भारतीय मधुमेह संघटना स्थापन झाली. डॉ. एस. एस. आजगावकर हे तिचे अध्वर्यू. पुढे माहीमचे रहेजा रुग्णालय हे तिच्याच कार्याचे फळ. पन्नासच्या त्या दशकातच मधुमेहावरच्या गोळ्याही आल्या, आणि ज्यांना सुईची धास्ती होती अशा कित्येक प्रौढांचा जीव भांड्यात पडला. अन्न मोजणे, पायांची निगा राखणे, गरज पडल्यास स्वतःला सुई टोचणे हे सारे शिकविता येते आणि शिकवावेच. तथापि अन्न मोजण्याचा धडा ज्याला घरी स्वतःची चूल आहे त्यालाच लागू पडतो, आणि खानावळवाल्या बाईंना मधुमेहाच्या शिकवणीस बोलावणे हे, माझ्या मते, रोग्याला बोलावण्याइतकेच निकडीचे होते.