आधी अक्षरे, मग शब्द

महाडच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांच्या घरची माणसे कामाला जातात, अशी बरीच मुले आमच्या वर्गात असतात. मध्यंतरी इंग्रजीच्या तासाला एक खेळ रंगला. फळ्यावर चार अक्षरे लिहायची आणि ती चारही ज्यात आहेत असा लांबात लांब इंग्रजी शब्द शोधायचा. बाकीचे शब्दकोश चाळत असताना एकाने कारखान्यातल्या पिंपावर वाचलेले रसायनाचे नाव लिहून दिले आणि डाव जिंकला. मग वाद झाला. रसायनांची नावे संस्कृत समासांसारखी हवी तेवढी लांबवता येतात. हा शब्द सापडलेला नाही, जुळवलेला आहे, असे हरलेल्यांचे म्हणणे होते.

तक्रार क्षुल्लक असली तरी भेद महत्त्वाचा आहे. ‘फॅसीशस’ या शब्दात इंग्रजीचे पाचही स्वर एकेकदाच आणि वर्णमालेच्या क्रमाने येतात. ‘अनकॉपीराइटेबल’मध्ये पंधरा अक्षरे असून एकही दुसऱ्यांदा येत नाही. पहिला शब्द कोणी स्वरांच्या क्रमासाठी घडवलेला नाही. तो भाषेत होताच, गंमत नंतर कोणाच्या तरी ध्यानात आली. याउलट इंग्रजी कोशांतला जो पंचेचाळीस अक्षरी शब्द प्रसिद्ध आहे, ‘न्यूमोनो’ने सुरू होऊन ‘कोनिओसिस’ने संपणारा, तो अमेरिकेतील नॅशनल पझलर्स लीग या कोडेप्रेमींच्या संस्थेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी १९३५ साली केवळ लांबीसाठी रचला. पुढे ऑक्सफर्डच्या कोशातही तो आला. बारीक धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराचे ते नाव. पण रोग्याला तपासणारा डॉक्टर ‘सिलिकोसिस’ एवढेच म्हणतो.

अक्षरांची अट आधी आणि शब्द मागून, हा प्रकार मराठीला नवा नाही. मोरोपंतांनी (१७२९–१७९४) रचलेल्या अनेक रामायणांपैकी निरोष्ठ रामायणात ओठ मिटून उच्चारायचा वर्ण येत नाही. म्हणजे ‘म’ वर्ज्य, म्हणजे खुद्द ‘राम’ हे नावच वर्ज्य! कथानायकाला इतर नावांनी हाक मारीत कथा शेवटास न्यायची. या कसरतीला पुष्कळांनी नाके मुरडली आहेत. पण पंतांच्या बाजूने एक गोष्ट नक्की सांगता येते: ते अट उघड सांगतात. वाचकाला खेळ ठाऊक असतो.

अट लपलेली असेल, तर प्रश्न निराळा होतो. त्याचे उदाहरण आमच्या परिसराशी जोडलेले आहे. पोलादपूरहून घाट चढले की प्रतापगड लागतो. त्याच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफझलखान मारला गेला. खान निघाल्याची खबर समर्थ रामदासांनी शिवाजी महाराजांना चार ओव्यांतून गुप्तपणे कळवली, असे सांगितले जाते. वरवर पाहता त्या ओव्या विवेकाचा उपदेश करतात. प्रत्येक चरणाचे पहिले अक्षर घेत गेले की ‘विजापुराचा सरदार निघाला आहे’ हे वाक्य निघते.

रचना म्हणून हे काम सोपे नाही. रोमन लिपीत ‘आर’ मिळाला की भागले. देवनागरीत ‘र’ आणि ‘रा’ ही दोन अक्षरे. मात्रेसकट नेमके ‘घा’, नेमके ‘ला’ चरणाच्या आरंभी बसवायचे. त्यात ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, म्हणजे ओळ दोन्ही टोकांनी जखडलेली. ओवीची लांबी सैल असते म्हणून हे जमले. आर्येत मात्रांचा हिशेबही सांभाळावा लागला असता.

पण रचनेचे कौशल्य हा इतिहासाचा पुरावा नव्हे. समर्थ आणि महाराज यांची पहिली भेट १६४९ची की १६७२ची, हा वाद विसाव्या शतकाच्या आरंभापासून गाजला. आमच्याच तालुक्यातली शिवथरघळ १९३०च्या सुमारास ज्यांनी शोधून काढली, ते धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव आधीच्या सालाचे, तर गो. का. चांदोरकर नंतरच्या. चांदोरकरांचे खरे मानले तर १६५९ सालचा हा पत्रव्यवहार अवघडच ठरतो. तो वाद बाजूला ठेवला तरी मला दुसरीच शंका छळते. या निरोपात गुप्त ते काय आहे? खानाची स्वारी लपतछपत आली नव्हती. जून १६५९ मध्ये आदिलशहाने कान्होजी जेध्यांना खानास सामील होण्याविषयी फर्मान पाठवले, आणि कान्होजी महाराजांच्या बाजूने उभे राहिले. म्हणजे विजापूरचा सरदार निघाल्याचे मावळात सरकारी कागदावर पोहोचले होते. खानाचे सैन्य किती, वाट कोणती, मनात काय, यांतले काहीच त्या चौदा अक्षरांत नाही. घटना ज्याला आधीच ठाऊक आहे त्यालाच पुरेल असे ते वाक्य आहे. म्हणून ते मागाहून, कोणा श्रद्धाळू आणि कुशल हाताने जुळवले असावे, असे माझे मत आहे. या मताने समर्थांना काही उणेपणा येत नाही. त्यांची थोरवी दासबोधावर उभी आहे.

वर्गात या ओव्या लिहून दिल्या तेव्हा पिंपावरचे नाव वाचणारा तोच मुलगा बोटाने अक्षरे मोजत राहिला. चार ओव्या, चरण सोळा. वाक्य मात्र चौदाव्या अक्षराला संपते. ‘सर, उरलेल्या दोन ओळी कशासाठी?’ ओवी पुरी करायला, मी म्हणालो. त्याने वहीत त्या दोन ओळींच्या आरंभीची ‘ए’ आणि ‘इ’ तेवढी गोल करून ठेवली.