राव, पी. व्ही. नरसिंह : रामटेकचे खासदार आणि भारताचे शेजारधोरण

राव, पामुलपर्ती वेंकट नरसिंह : (२८ जून १९२१–२३ डिसेंबर २००४). भारताचे नववे पंतप्रधान, दोन वेळा परराष्ट्रमंत्री आणि डिसेंबर १९८४ पासून १९९१ मध्ये लोकसभा विसर्जित होईपर्यंत नागपूर जिल्ह्यातील रामटेक मतदारसंघाचे खासदार. १९९१ च्या आर्थिक सुधारणांमुळे त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. त्यामानाने त्यांच्या शेजारधोरणाकडे मराठीत फारसे लक्ष गेलेले नाही. श्रीलंका, नेपाळ, मालदीव, पाकिस्तान आणि चीन या पाचही देशांशी भारताचे संबंध ज्या दीड वर्षात एकाच वेळी ढवळून निघाले, त्या काळात परराष्ट्र खाते रामटेकच्या खासदाराकडे होते. प्रस्तुत नोंद त्या कामाचा आणि त्यामागील विदर्भाच्या संबंधाचा विचार करते.

नागपूर व चांदा : रावांचा जन्म आताच्या तेलंगणातील लक्नेपल्ली येथे झाला आणि ते वंगारा गावी वाढले. त्या वेळी हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. १९३८ मध्ये ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून उस्मानिया विद्यापीठाने अनेक विद्यार्थ्यांना काढून टाकले. वरंगळच्या महाविद्यालयातले राव त्यांपैकी एक. निजामाच्या हद्दीत शिक्षणाची दारे बंद झालेल्या या मुलांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून विज्ञानाची पदवी घेऊन राव कायद्याच्या शिक्षणासाठी पुन्हा नागपूर विद्यापीठाकडे आले. मराठी ते अस्खलित बोलत. हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ या कादंबरीचा त्यांनी तेलुगूत अनुवाद केला.

१९४७–४८ मधील हैदराबादचा प्रश्न आज अंतर्गत विलीनीकरणाचा वाटतो. त्या वेळी तो दोन शेजारी सत्तांमधला संघर्षच होता. निजामाने भारतात सामील होण्याचे नाकारले, नोव्हेंबर १९४७ मध्ये केवळ ‘जैसे थे’ करार केला आणि ऑगस्ट १९४८ मध्ये थेट संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार नेली. वऱ्हाडावरचा त्याचा नाममात्र हक्कही तोवर संपलेला नव्हता; १९०२ पासून वऱ्हाड इंग्रजांकडे कायम भाडेपट्ट्याने होते आणि निजामाचा थोरला मुलगा ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हणवला जात असे. पैनगंगा, वर्धा आणि प्राणहिता या नद्या म्हणजे सरहद्द. निजामाच्या पाठीराख्या रझाकार टोळ्यांच्या जाचाला कंटाळून माणसे नदी ओलांडून विदर्भात येत. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील हैदराबाद स्टेट काँग्रेसने सरहद्दीलगत छावण्या उभारल्या होत्या. त्यांपैकी चांदा (आताचे चंद्रपूर) येथील छावणीत तरुण राव काम करत होते. सप्टेंबर १९४८ मधील लष्करी कारवाईने हा प्रश्न निकालात निघाला. पुढच्या आयुष्यात ज्या माणसाने चीनच्या सीमेवरचा करार घडवून आणला, त्याने सीमेवरच्या माणसांचे हाल प्रथम विदर्भात पाहिले होते. चरित्रकारांनी या गोष्टीला द्यावे तेवढे महत्त्व दिलेले नाही.

पहिली कारकीर्द : आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्रिपद (१९७१–७३) भूषवल्यानंतर राव दिल्लीच्या राजकारणात आले आणि जानेवारी १९८० मध्ये इंदिरा गांधींनी त्यांच्याकडे परराष्ट्र खाते दिले. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरून जेमतेम तीन आठवडे झाले होते. जून १९८१ मध्ये राव इस्लामाबादला गेले. त्याच महिन्यात चीनचे परराष्ट्रमंत्री हुआंग हुआ दिल्लीला आले. जुलै १९८३ मध्ये कोलंबोत तमिळांची कत्तल सुरू झाली, तेव्हा महिनाअखेरीस इंदिरा गांधींनी रावांनाच तातडीने तिकडे पाठवले. दक्षिण आशियातील सात देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांची पहिली बैठक ऑगस्ट १९८३ मध्ये नवी दिल्लीत झाली; सार्कची पायाभरणी या बैठकीत झाली आणि तिचे यजमान राव होते.

रामटेक : १९८३ मध्ये एन. टी. रामाराव यांच्या तेलुगू देसमने आंध्रातील काँग्रेसची सत्ता घालवली होती. त्यामुळे डिसेंबर १९८४ च्या निवडणुकीत राव हनमकोंडा आणि रामटेक अशा दोन ठिकाणी उभे राहिले. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या सहानुभूतीच्या लाटेत देशभर काँग्रेसने चारशेहून अधिक जागा जिंकल्या. हनमकोंड्यात मात्र भाजपच्या जंगा रेड्डींनी रावांना पाडले. त्या निवडणुकीत भाजपला मिळालेल्या दोन जागांपैकी ही एक. रामटेकने रावांना निवडून दिले. १९७७ च्या जनता लाटेतही विदर्भाने काँग्रेसची साथ सोडली नव्हती, त्यामुळे हा मतदारसंघ सुरक्षित मानला जाई. गडमंदिराचे रामटेक, कामठीची जुनी छावणी, काटोलच्या संत्राबागा, मनसर–कांद्रीच्या मँगनीज खाणी असा हा पसारा. लोकसभेची ही जागा हातची गेली असती तर रावांना राज्यसभेची वाट धरावी लागली असती किंवा राजकारणाच्या कडेला बसावे लागले असते. निकालानंतर लगेच ते राजीव गांधींच्या मंत्रिमंडळात संरक्षणमंत्री झाले, पुढे मनुष्यबळ विकासमंत्री झाले आणि २५ जून १९८८ रोजी पुन्हा परराष्ट्रमंत्री. १९८९ मध्ये देशात काँग्रेसचा पराभव झाला, तरी रामटेकने त्यांना दुसऱ्यांदा निवडून दिले.

१९८८–८९ : या दीड वर्षातील सर्वात अवघड प्रकरण श्रीलंकेचे. भारत–श्रीलंका करार जुलै १९८७ मध्ये, म्हणजे राव खात्यात येण्यापूर्वीच झाला होता आणि भारतीय शांतिसेना तोवर तमिळ वाघांशी (एलटीटीई या बंडखोर संघटनेशी) लढण्यात गुंतून पडली होती. जानेवारी १९८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेल्या प्रेमदासांनी, कराराच्या दुसऱ्या वर्धापनदिनापर्यंत म्हणजे २९ जुलैपर्यंत सेना परत न्यावी, असे जूनमध्ये जाहीरपणे सांगून टाकले. ज्या सरकारच्या विनंतीवरून फौज गेली, तेच सरकार तिला बाहेर काढू पाहत होते. तमिळांना कबूल केलेले अधिकार पदरात पडण्यापूर्वी निघून जाणेही दिल्लीला मान्य नव्हते. वाटाघाटी लांबल्या, मुदत उलटून गेली आणि अखेर १८ सप्टेंबर १९८९ रोजी माघारीचा समझोता झाला. शेवटची तुकडी मार्च १९९० मध्ये परतली. सुमारे १,२०० भारतीय सैनिक या मोहिमेत कामी आले. चुकीच्या निर्णयाचा वारसा रावांकडे आला होता हे खरे. पण तो निस्तरण्यासाठी त्यांनी काही वेगळी वाट सुचवल्याचे दिसत नाही.

मालदीवची गोष्ट याच्या नेमकी उलट. ३ नोव्हेंबर १९८८ रोजी श्रीलंकेतील एका तमिळ गटाच्या भाडोत्री बंदूकधाऱ्यांनी मालेवर हल्ला चढवला. राष्ट्राध्यक्ष गयूम यांनी मदत मागितली आणि त्याच रात्री आग्र्याहून निघालेले भारतीय छत्रीधारी सैनिक हुलहुले विमानतळावर उतरले. समुद्रमार्गे पळालेले हल्लेखोर नौदलाने गाठले. काम आटोपताच बहुतेक फौज परत आली. विनंती स्पष्ट, उद्दिष्ट मर्यादित, परतीचा मार्ग ठरलेला. श्रीलंकेत यांपैकी एकही गोष्ट नव्हती.

डिसेंबर १९८८ मध्ये राजीव गांधी चीनला गेले. नेहरूंच्या १९५४ च्या भेटीनंतर भारतीय पंतप्रधानांची ही पहिलीच चीनभेट. अरुणाचलातील सुमदोरोंग चू खोऱ्यात १९८६–८७ मध्ये दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी ठाकली होती, हे लक्षात घेतले म्हणजे या भेटीचे मोल कळते. शिष्टमंडळात राव होते. सीमाप्रश्नासाठी संयुक्त कार्यगट नेमण्याचा निर्णय तेथे झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस इस्लामाबादला सार्क परिषद भरली आणि ३१ डिसेंबर १९८८ रोजी भारत व पाकिस्तान यांनी एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार केला. त्यानुसार १९९२ पासून दरवर्षी १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. कारगिल झाले, मुंबईवर हल्ला झाला, बालाकोट झाले. याद्या दिल्या जात राहिल्या. १ जानेवारी २०२५ रोजी ही देवाणघेवाण चौतिसाव्यांदा झाली. दक्षिण आशियात इतकी वर्षे अखंड पाळले गेलेले करार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत.

नेपाळच्या बाबतीत मात्र भारताची भूमिका कठोर आणि, प्रस्तुत लेखकाच्या मते, अन्यायाची होती. नेपाळने १९८८ मध्ये चीनकडून विमानवेधी तोफांसह शस्त्रे घेतली, दिल्ली दुखावली. व्यापार व पारगमन यांचे करार २३ मार्च १९८९ रोजी संपले. व्यापार आणि पारगमन यांचा मिळून एकच करार असावा हा भारताचा आग्रह. समुद्रकिनारा नसलेल्या देशाचा वाटेचा हक्क व्यापाराच्या सौद्यापासून वेगळा असला पाहिजे हा नेपाळचा. पंधरापैकी तेरा पारगमन नाकी बंद झाली. काठमांडूत रॉकेल मिळेनासे झाले, चुलीसाठी झाडे तुटू लागली. १९९० मध्ये नेपाळात लोकशाहीचे आंदोलन यशस्वी झाले आणि दिल्लीतही तोवर सरकार बदलले होते, तेव्हा कोंडी फुटली. पण त्या काळात नेपाळी जनमानसात भारताविषयी जी अढी बसली, ती पुढच्या प्रत्येक तंट्यात डोके वर काढत राहिली. पंतप्रधान झाल्यावर रावांनी ६ डिसेंबर १९९१ रोजी गिरिजाप्रसाद कोइराला यांच्या सरकारशी व्यापाराचा आणि पारगमनाचा असे दोन स्वतंत्र करार केले. ते परराष्ट्रमंत्री असताना भारताने जे नाकारले होते, तेच पंतप्रधान या नात्याने त्यांनी मान्य केले. त्याचा त्यांनी कधी गाजावाजा केला नाही.

पंतप्रधानपद : १९९१ मध्ये रावांनी निवडणूक लढवली नाही, रामटेकची जागा सोडून ते निवृत्तीच्या तयारीत होते. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूर येथे तमिळ वाघांनी राजीव गांधींची हत्या केली. श्रीलंकेतील हस्तक्षेपाचा सूड असा भारताच्या भूमीवर उगवला आणि त्या हत्येमुळेच राव २१ जून रोजी पंतप्रधान झाले. त्यांच्या सरकारने पुढील वर्षी वाघांच्या संघटनेवर बंदी घातली आणि श्रीलंकेच्या यादवीपासून भारताला दूर ठेवले.

त्यांच्या शेजारधोरणाचे सर्वात मोठे फळ म्हणजे ७ सप्टेंबर १९९३ चा बीजिंग करार. प्रत्यक्ष ताबारेषेवर शांतता राखावी, बळाचा वापर करू नये, सैन्य कमी करावे आणि सीमेच्या अंतिम दाव्यांना त्यामुळे बाध येऊ नये, असा त्याचा आशय. वाद मिटत नसेल तर त्याला बांध घालावा, ही रावांची रीत येथे सर्वात स्पष्ट दिसते. १९९५ मध्ये सुमदोरोंग चू येथील समोरासमोरच्या चौक्या मागे घेण्यावर सहमती झाली. या कराराचा दोषही त्यातच होता: ताबारेषा नेमकी कोठून जाते हे नकाशावर ठरलेच नाही आणि जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात २० भारतीय सैनिकांना प्राण गमवावे लागले. तरीही १९९३ नंतर जवळजवळ सत्तावीस वर्षे त्या सीमेवर मोठा रक्तपात झाला नाही, हे विसरून चालणार नाही.

बांगलादेशाला तीन बिघा वाट २६ जून १९९२ रोजी भाडेपट्ट्याने दिली गेली. १९७४ मध्ये इंदिरा गांधी व मुजीबूर रहमान यांच्यात ठरलेली ही गोष्ट स्थानिक विरोधामुळे अठरा वर्षे रखडली होती. म्यानमारमधील लष्करी राजवटीशी जानेवारी १९९४ मध्ये सीमाव्यापाराचा करार झाला. लोकशाहीवाद्यांना तो रुचला नाही, पण ईशान्येतील बंडखोरांचे आश्रयस्थान सीमेपलीकडे होते. फेब्रुवारी १९९४ मध्ये संसदेने जम्मू–काश्मीरविषयी एकमुखी ठराव केला. पाठोपाठ जिनेव्हा येथील मानवी हक्क आयोगात पाकिस्तानने आणलेल्या ठरावाला तोंड देण्यासाठी रावांनी विरोधी पक्षनेते अटलबिहारी वाजपेयी यांना शिष्टमंडळाचे प्रमुख नेमले. चीन व इराण यांनीही गळ घातल्यावर पाकिस्तानने ठराव मागे घेतला.

६ डिसेंबर १९९२ हा या सगळ्यावरचा डाग. अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली आणि ती वाचवण्यात रावांचे सरकार अपयशी ठरले. पाकिस्तान व बांगलादेशात मंदिरे आणि हिंदू वस्त्यांवर हल्ले झाले. ढाक्याला त्याच महिन्यात होणारी सार्क परिषद पुढे ढकलावी लागली. ती एप्रिल १९९३ मध्ये भरली. दरम्यान मुंबईत दंगली झाल्या आणि १२ मार्चच्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसे मेली. स्फोटांचा कट सीमेपलीकडून पोसला गेला होता. सीमेवर ज्या धीराने रावांनी वाट पाहिली तो धीर कामी आला. घरात आग लागत असताना तेच वाट पाहणे घातक ठरले.

१९९६ मध्ये सत्ता गेल्यावर राव खटल्यांत आणि लेखनात गुंतले. ‘द इनसायडर’ ही त्यांची कादंबरी १९९८ मध्ये आली. अयोध्येवरील पुस्तक मृत्यूनंतर २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. २०२४ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले. रामटेक मतदारसंघ २००९ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे.