सेकंडहँड डिझेल इंजिनांवर चालणाऱ्या रेल्वे कंपन्या : काय असतात, कशा टिकतात, कुठं चुकतात?

आपल्याकडं रेल्वे म्हटलं की मालक एकच, सरकार. अमेरिकेत तसं नाही. तिथं मालगाड्यांचे बहुतेक रूळ खासगी कंपन्यांचे आहेत. मोजक्या अवाढव्य कंपन्या देशभर माल नेतात आणि त्यांच्याखाली शेकडो लहान कंपन्या आपापल्या भागातला माल गोळा करून त्यांच्यापर्यंत पोचवतात. साधारण ३५० मैल, म्हणजे ५६० किलोमीटर किंवा त्याहून जास्त मार्ग असलेल्या मधल्या कंपनीला 'रीजनल' म्हणजे प्रादेशिक रेल्वे म्हणतात. अशा कंपनीकडं गेलं तर एक गोष्ट हमखास दिसते. इंजिनं दुसऱ्याची वापरलेली.

या कंपन्या आल्या कुठून?

१९८० साली अमेरिकेत 'स्टॅगर्स कायदा' आला आणि रेल्वे कंपन्यांवरची सरकारी बंधनं सैल झाली. मोठ्या कंपन्यांनी कमी उत्पन्नाचे फाटे विकायला काढले. फाटा बंद पडला तर त्यावरच्या गावांचं धान्य, लाकूड, खत सगळं ट्रकवर येणार आणि भाडं वाढणार. तिथं लहान कंपन्या पुढं आल्या.

यातलं गाजलेलं उदाहरण म्हणजे 'विस्कॉन्सिन सेंट्रल'. 'सू लाइन' या मोठ्या कंपनीनं दुसरी रेल्वे विकत घेतल्यावर तिच्याकडं शिकागोकडं जाणारे दोन-दोन मार्ग झाले. जुना मार्ग तिनं विकला. ११ ऑक्टोबर १९८७ पासून त्यावर नवी कंपनी सुरू झाली. प्रमुख होते रेल्वेतच मुरलेले एड बर्कहार्ट. मुख्य गिऱ्हाईक म्हणजे विस्कॉन्सिनमधल्या कागद गिरण्या.

जुनंच इंजिन का?

हिशेब आपल्या ट्रॅक्टरसारखाच. नव्याचा हप्ता दर महिन्याला भरावा लागतो, मग काम असो वा नसो. जुन्याला डिझेल जास्त लागतं, दुरुस्ती निघते, पण डोक्यावर कर्ज कमी.

विस्कॉन्सिन सेंट्रलनं 'एसडी-४५' या मॉडेलची इंजिनं मोठ्या संख्येनं घेतली. जनरल मोटर्सच्या ईएमडी कारखान्यात १९६५ ते १९७१ या काळात ही बनली. २० सिलिंडर, ३६०० अश्वशक्ती. ओढायला दणकट, पण डिझेल पिणारी. सुरुवातीला क्रँकशाफ्ट मोडण्याच्या तक्रारीही होत्या. मोठ्या कंपन्यांना ती नकोशी झाली आणि बाजारात स्वस्तात आली. या कंपनीनं ती घेऊन मरून-पिवळा रंग दिला आणि कामाला जुंपली.

पण जुनंच घ्यायचं असा हट्ट नव्हता. हीच कंपनी ब्रिटनमधल्या मालवाहतुकीत उतरली, तेव्हा तिथल्या कंपनीसाठी १९९६ मध्ये ईएमडीला एकदम २५० नव्या इंजिनांची ऑर्डर दिली गेली. जिथं जे परवडेल ते.

जुनं इंजिन टिकतं कसं?

रेल्वेचं डिझेल इंजिन चाकं थेट फिरवत नाही. ते वीज तयार करतं आणि त्या विजेवर आसाला जोडलेल्या मोटारी चाकं फिरवतात. प्रत्येक सिलिंडरचा लायनर, पिस्टन, हेड असा संच वेगळा काढून नवा बसवता येतो. मोटारी गुंडाळून घेता येतात. सांगाडा शाबूत असेल तर इंजिन चाळीस-पन्नास वर्षंही कामाला येतं. अट एकच, सुटा भाग योग्य हवा आणि मिस्त्री जाणता हवा.

आपल्याकडंही याच ईएमडी घराण्याची डब्ल्यूडीजी-४ आणि डब्ल्यूडीपी-४ इंजिनं आहेत. १९९९ पासून ती आली आणि पुढं वाराणसीच्या कारखान्यात बनली.

निगा चुकली की काय होतं?

बर्कहार्ट यांच्याच नेतृत्वाखाली २००३ मध्ये 'माँट्रियल, मेन अँड अटलांटिक' ही दुसरी प्रादेशिक रेल्वे सुरू झाली. ५ जुलै २०१३ च्या रात्री तिची कच्च्या तेलाच्या ७२ टँकरची गाडी कॅनडातल्या नँट गावाजवळ उतारावर उभी केली गेली. गाडीवर चालक एकटाच होता. पुढचं इंजिन, क्रमांक ५०१७, दिवसभर धूर टाकत होतं. तो इंजिन चालू ठेवून मुक्कामाला गेला.

थोड्याच वेळात इंजिनाला आग लागली. अग्निशमनवाल्यांनी ती विझवताना इंजिन बंद केलं. इंजिन बंद म्हणजे ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर बंद. हवा हळूहळू गळाली. हातब्रेक फक्त सात लावलेले होते आणि ते पुरले नाहीत. रात्री एकच्या सुमारास गाडी आपोआप सुटली. सुमारे ११ किलोमीटर घरंगळत, ताशी १०० किलोमीटरच्या वर वेगानं ती लाक-मेगांटिक गावाच्या मध्यात रुळावरून उतरली. ४७ माणसं गेली.

चौकशीत निघालं ते असं. आठ महिन्यांपूर्वी त्या इंजिनाची दुरुस्ती झाली होती. ती ठरल्या पद्धतीनं झाली नव्हती, गळकी टाकी बुजवायला वापरतात तसला एपॉक्सीसारखा पदार्थ आत लावला होता. तो टिकला नाही. तेल साचलं आणि पेटलं. पण चौकशी मंडळानं दोष एकट्या इंजिनाला दिला नाही. एकूण १८ कारणं मांडली. त्यात अपुरे हातब्रेक, कंपनीचा ढिला कारभार आणि सरकारी देखरेखीतली कसूर हेही होतं.

पुढं काय झालं?

अपघातानंतर महिन्याभरातच त्या कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. धोकादायक मालाच्या गाडीवर किमान दोन माणसं हवीत आणि अशी गाडी मुख्य मार्गावर राखणीशिवाय सोडायची नाही, असा आदेश कॅनडा सरकारनं त्याच महिन्यात काढला.

विस्कॉन्सिन सेंट्रल २००१ मध्येच 'कॅनेडियन नॅशनल' या मोठ्या कंपनीनं विकत घेतली होती. जुन्या इंजिनांवर १४ वर्षं चाललेली कंपनी बंद पडली नाही, चांगल्या भावानं विकली गेली. मधल्या काळात त्या कागद गिरण्यांचा माल रेल्वेनंच जात राहिला.