सुतकाचे दहा दिवस आणि एक मराठी चित्रपट

बाप वारला म्हणजे घरांत दहा दिवस माणसांची रीघ लागते, आणि त्या रिघेंतलें कोणी तरी अविवाहित मुलाच्या लग्नाची गोष्ट काढल्यावांचून राहत नाहीं. लग्न वर्षाच्या आंत उरकावें, नाहीं तर तीन वर्षें थांबावें, असा संकेतच आहे. आमच्या नेऱ्यासारख्या पनवेलजवळच्या गांवांत मुंबईच्या नोकरीवरून आलेला मुलगा मान खालीं घालून हें सारें ऐकून घेतो. त्याचें मन कोणा स्त्रीकडे मुळींच ओढ घेत नसेल, तर त्यानें काय उत्तर द्यावें, हा प्रश्न रोहन परशुराम कानवडे यांच्यावर स्वतःच्या वडिलांच्या सुतकांत गुदरला. आणि त्यांतूनच त्यांचा ‘साबर बोंडं’ हा चित्रपट जन्मास आला.

परंतु हा चित्रपट कांहीं आकाशांतून पडलेला नव्हे. मुंबईंत या वाटेवर पहिलें धीट पाऊल टाकणारे रियाद विंची वाडिया हे जे. बी. एच. वाडिया यांचे नातू. ज्या वाडिया मूव्हीटोननें १९३५ सालीं ‘हंटरवाली’ काढून चाबूकवाल्या नादियाला घरोघर पोंचविलें, त्याच घराण्याच्या या वारसानें १९९३ सालीं नादियावर माहितीपट केला, आणि १९९६ सालीं पुणें विद्यापीठांत इंग्रजी शिकविणारे कवि आर. राज राव यांच्या कवितांवर ‘बॉमगे’ हा अवघा सुमारें बारा मिनिटांचा चित्रपट काढला. १८६० च्या दंडसंहितेंतील ३७७ वें कलम तेव्हां पुरतें जिवंत होतें. कायद्यानें ज्या प्रेमास गुन्हा ठरविलें होतें, तें उघड नांवानिशीं पडद्यावर आणणें ही गोष्ट लहान नव्हती. वाडिया २००३ सालीं, ऐन उमेदींत, वारले.

त्याच वर्षीं श्रीधर रंगायन यांनीं ‘गुलाबी आईना’ पुरा केला. मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें दृश्यकलेचें शिक्षण घेतलेल्या या गृहस्थांना सेन्सॉर मंडळानें प्रमाणपत्र नाकारलें. ज्या चित्रपटास घरांत थारा नाहीं, तो परदेशच्या महोत्सवांतून हिंडत राहतो. तसेंच याचें झालें. रंगायन मात्र खचले नाहींत. त्यांनीं २०१० सालीं मुंबईंत ‘कशिश’ हा अशा चित्रपटांचा महोत्सवच सुरू केला. पुढें ६ सप्टेंबर २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें प्रौढांच्या परस्परसंमत संबंधांपुरतें तें कलम रद्द ठरविलें.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. वाडियांची भाषा इंग्रजी, रंगायनांची मुख्यतः हिंदी. मराठींत तेंडुलकरांनीं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ सालींच रंगभूमीवर आणली होती. पण आमच्या चित्रपटानें हा विषय बहुधा विनोदाच्या खुंटीला टांगून ठेवला. बायकी चालीचा नोकर आणावा, दोन टाळ्या घ्याव्या, कीं काम संपलें! या टाळ्यांत आपणही हात मिळविला आहे, हें कबूल करणें भाग आहे.

कानवडे वाढले मुंबईच्या झोपडपट्टींतील एका खोलींत, वडील मोटारचालक. शिक्षण अंतर्गत सजावटीचें. चित्रपटाची विद्या मात्र कोणत्याहि संस्थेंत नव्हे, स्वतःच्या हातानें मिळविलेली. आधीं लघुपट झाले. त्यांपैकीं २०१९ च्या ‘उ उषाचा’ या लघुपटांत एक निरक्षर शेतमजूर बाई गांवच्या शिक्षिकेकडे ओढली जाते आणि त्या ओढीनें अक्षरें गिरवूं लागते. पाटी-पेन्सिलीच्या मिषानें प्रेम सांगण्याची ही तऱ्हा आम्हांस मोठी सुंदर वाटते.

‘साबर बोंडं’ मध्यें मुंबईचा आनंद वडिलांच्या दहा दिवसांसाठीं गांवीं जातो. तेथें बालपणचा सोबती बाळ्या भेटतो. शेळ्या राखणारा, शेतीवर जगणारा, आणि त्याच्याहि मागें लग्नाचा लकडा लागलेला. आनंदचें खरें काय तें त्याच्या आईस ठाऊक आहे, आणि चित्रपटाचा सगळा भार, आमच्या मतें, या एका गोष्टीवर तोललेला आहे. आई-मुलाचें भांडण नाहीं, आक्रोश नाहीं. भावकीच्या प्रश्नांना दोघांनीं मिळून द्यावयाची उत्तरें आहेत. ज्यांस ‘ही पाश्चात्यांची थेरें’ असें म्हणण्याची संवय आहे, त्यांनीं हें सुतकाचें घर अवश्य पाहावें. त्यांत परदेशचें असें कांहींच नाहीं.

चित्रपटाची गति संथ आहे. दृश्यें लांब, कॅमेरा बहुधा निश्चल, आणि भावना उचलून धरण्यास पार्श्वसंगीत नाहीं. कित्येकांना हा संथपणा जाचेल. पण सुतकाचे दिवस तरी कोठें लवकर सरतात?

जानेवारी २०२५ मध्यें अमेरिकेंतील सनडान्स महोत्सवांत जागतिक कथाचित्रपटांच्या विभागांतील सर्वोच्च पारितोषिक या चित्रपटास मिळालें. त्या महोत्सवांत गेलेला हा पहिलाच मराठी कथापट. १९ सप्टेंबर २०२५ रोजीं तो आपल्याकडील चित्रगृहांत लागला. वाडियांच्या बारा मिनिटांना जें सार्वजनिक दार उघडलें नाहीं, त्यांतून एकोणतीस वर्षांनीं बाळ्या आणि आनंद आंत आले. हातांत कांटे काढलेलीं साबराचीं लाल बोंडें होतीं.