बीपीच्या गोळीचा थेंब कसा झाला

काचबिंदूवर शंभर वर्षं राज्य केलं ते पिलोकार्पिनने. ब्राझीलमधल्या जाबोरँडीच्या पानांतून निघालेलं हे औषध १८७०च्या दशकात डोळ्यांत पडू लागलं. डोळ्यातला दाब उतरायचा, पण थेंब दिवसातून चारदा घालावे लागत. बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी व्हायची, भुवई ठणकायची, दिवेलागणीला समोरचं धूसर दिसायचं. आतला स्नायू आवळला की दृष्टिपटलाच्या कडेवर ताण येतो. त्यामुळे मोठा मायनस नंबर असलेल्यांचा पडदा सुटेल, ही डॉक्टरांची धास्ती वेगळीच.

सुटका झाली ती हृदयाच्या खात्यातून. ब्रिटनच्या आयसीआय कंपनीत जेम्स ब्लॅक यांनी १९६०च्या दशकात हृदयशूळासाठी प्रोप्रॅनोलॉल घडवलं. अॅड्रिनॅलिनला हृदयाच्या दारातच अडवणारं हे औषध पुढे बीपीची गोळी म्हणूनही नावारूपाला आलं. १९६७ साली दिसून आलं, की ते शिरेतून दिलं तर काचबिंदूच्या रुग्णांच्या डोळ्यांतला दाबही कमी होतो. मग थेंबच का करू नयेत? अडचण अशी, की प्रोप्रॅनोलॉल बुबुळ बधिर करतं, आणि बधिर बुबुळाला इजा झालेली कळत नाही. प्रॅक्टोलॉल हे त्याचं भावंड बधिर करत नव्हतं. पण त्याच्या गोळ्यांनी काहींचे डोळे कोरडे पडून दृष्टी गेली, आणि तेही बाद झालं.

उरलं टिमोलॉल, तेही बीपीच्याच घराण्यातलं. ते बुबुळ बधिर करत नाही, बाहुलीलाही हात लावत नाही. डोळ्याच्या आत पाझरणारं पाणी तेवढं कमी करतं. १९७८ साली अमेरिकेत त्याच्या थेंबांना मान्यता मिळाली. चारदाच्या जागी दिवसातून दोनदा थेंब पुरू लागले.

घराण्याचा स्वभाव मात्र थेंबातही उतरला. डोळ्यातलं औषध अश्रुनलिकेतून नाकात उतरतं आणि तिथून थेट रक्तात जातं. गोळीचा बराचसा जोर यकृतात मोडतो, ती गाळणी इथे चुकते. एवढ्याशा थेंबाने नाडी मंदावते, दमेकऱ्याला धाप लागू शकते. म्हणून थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकालगतचा कोपरा दोनेक मिनिटं दाबून धरायचा. आणि हृदयाच्या डॉक्टरांना चालू औषधं सांगताना डोळ्यांचे थेंब वगळायचे नाहीत. त्यांच्या लेखी तीही बीपीचीच औषधं आहेत.