‘डार्क स्टार’चा प्रारंभ : एका विद्यार्थी विज्ञानपटाचा विचार

प्रस्तावना : विज्ञानपट म्हणजे अफाट खर्च, ही समजूत स्टॅनले क्युब्रिक यांच्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ने (१९६८) दृढ केली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७० मध्ये, दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे विद्यार्थी जॉन कारपेंटर व डॅन ओ’बॅनन यांनी तुटपुंज्या पैशांत ‘डार्क स्टार’ करावयास घेतला. त्याच्या प्रारंभदृश्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन : चित्रपट पृथ्वीवरून आलेल्या एका संदेशाने सुरू होतो. एक अधिकारी दूरस्थ यानातील सहकाऱ्यांशी हसतमुखाने बोलतो. संदेशांना दहा वर्षांचा विलंब होत असल्याचे तो सांगतो, कमांडर पॉवेल यांच्या मृत्यूबद्दल शोक व्यक्त करतो आणि किरणोत्सर्गरोधक आवरणाची मागणी निधिकपातीमुळे नामंजूर झाल्याचे कळवितो. पडद्यावर केवळ एक बोलणारा माणूस. तरीही अंतर, काळ, एकाकीपणा आणि प्रशासकीय अनास्था प्रेक्षकाच्या लक्षात येते. १९७० सालीच नासाने तीन नियोजित चांद्रमोहिमा रद्द केल्या होत्या, हे ध्यानात घेता या विनोदाची धार अधिक जाणवते.

निष्कर्ष : निधीची चणचण ही निर्मात्यांची स्वतःचीच अडचण होती. ती झाकण्याऐवजी त्यांनी तिलाच कथेत स्थान दिले. वाढीव स्वरूपात हा चित्रपट १९७४ मध्ये प्रदर्शित झाला. पुढे ओ’बॅनन यांनी ‘एलियन’ची (१९७९) पटकथा लिहिली. विद्यार्थ्यांचे लघुपट तपासताना त्यांच्यापाशी कोणती साधने होती यापेक्षा, नसलेल्या साधनांवर त्यांनी कोणता मार्ग काढला, हे आपण अध्यापकांनी पाहिले पाहिजे.